घातक मालाचा जागतिक व्यापार आणि त्यावरची बंधनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲस्बेस्टॉस, कीटकनाशकं, मोडीत निघालेले संगणक, सिगारेटी, बंदुका, अफू. यातल्या प्रत्येकाच्या व्यापारावर कुठला ना कुठला आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि प्रत्येक नियमामागे वर्षानुवर्षांचं भांडण आहे. बाहेरून वाटतं, हे भांडण वस्तू किती विषारी यावरून होत असेल. आत डोकावलं की कळतं, विषाबद्दल फारसं दुमत नसतं. वाद असतो यादी कोणी करायची, शब्दाची व्याख्या काय आणि निर्णय एकमताने घ्यायचा की बहुमताने यावर. खालची बरीचशी उत्तरं फिरून फिरून तिथेच येतात, त्याला माझा इलाज नाही.

घातक माल म्हणजे नेमका कोणता? त्याची यादी कुठे मिळेल?

अशी एकच एक यादी नाही. प्रत्येक कराराची आपापली यादी असते. घातक कचऱ्यासाठी बेसल करार (१९८९), धोकादायक रसायनं आणि कीटकनाशकांसाठी रॉटरडॅम करार (१९९८), निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहणाऱ्या विषांसाठी स्टॉकहोम करार (२००१), पाऱ्यासाठी मिनामाता करार (२०१३), वन्यजीवांसाठी सायटीस (१९७३), अमली पदार्थांसाठी १९६१, १९७१ आणि १९८८ चे तीन करार, तंबाखूसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा २००३ चा करार, शस्त्रांसाठी २०१३ चा करार. या याद्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. डीडीटी स्टॉकहोमच्या यादीत आहे, पण मलेरियाच्या डासांवर फवारायला त्याच करारात सूट आहे.

आणि दारू? तिच्यावर असा एकही जागतिक करार नाही. तंबाखूवर आहे. घातकपणा मोजून याद्या केल्या असत्या तर असं झालं नसतं.

हा प्रकार सुरू कधी झाला?

शंभराहून जास्त वर्षं झाली. आणि सुरुवातीच्या करारांपैकी एक होता चक्क आगकाड्यांवरचा.

एकोणिसाव्या शतकात काड्यांच्या टोकाला पांढरा फॉस्फरस लावत. काडी कुठेही घासली तरी पेटायची आणि स्वस्त पडायची. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या (त्यात बायका-पोरं बरीच) जबड्याचं हाड त्या वाफांनी सडत जायचं. आधी दातदुखी, मग पू आणि दुर्गंधी, आणि शेवटी जबड्याचा तुकडा काढून टाकायची वेळ. डॉक्टरांना हे कित्येक दशकं माहीत होतं. कमी घातक पर्यायही सापडले होते. तरी एकट्याने बंदी घालायला फारसं कोणी धजत नव्हतं, कारण शेजारच्या देशातून स्वस्त काड्या आल्या की आपलेच कारखाने बसणार. अखेर १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही युरोपीय देशांनी करार केला: पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवायच्या नाहीत, आणायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. सगळ्यांनी एकाच वेळी हात बांधून घेतले की कोणाचाच तोटा नाही, असा तो हिशेब. अमेरिका करारात आली नाही. तिने १९१२ मध्ये अशा काड्यांवर एवढा कर बसवला की त्या बनवणंच परवडेना.

अफूचं घोडं याच सुमारास अडलं होतं. १९०९ मध्ये शांघायला तेरा देश बसले, १९१२ मध्ये हेगला करार झाला, पण त्याला अधिकृत मान्यता द्यायला जो तो टाळाटाळ करत होता. मग पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहात एक कलम घुसवण्यात आलं: या तहाला मान्यता म्हणजेच अफूच्या कराराला मान्यता. शांतता हवी तर अफूवरही सही करा! इतकी सफाईदार पाचर त्यानंतर क्वचितच कोणी मारली असेल.

एखाद्या देशाला माल नको असेल तर तो सरळ बंदी का घालत नाही?

घालू शकतो. जागतिक व्यापाराचे मूळ नियम १९४७ च्या गॅट करारातले. त्याच्या विसाव्या कलमात माणसं, प्राणी आणि वनस्पतींचं जीवित व आरोग्य जपण्यासाठी ‘आवश्यक’ असेल ते करायला मुभा आहे. सगळा खेळ त्या ‘आवश्यक’ शब्दावर चालतो.

थायलंडने परदेशी सिगारेटींची आयात अडवली होती, देशी सिगारेटी मात्र सरकारी मक्तेदारीतून विकल्या जात होत्या. १९९० मध्ये निकाल विरोधात गेला. आरोग्याचा हेतू मान्य, पण त्यासाठी आयात अडवणं आवश्यक नाही, असं गॅटच्या तंटा सोडवणाऱ्या मंडळाने सांगितलं. पुढे अमेरिकेने २००९ च्या कायद्याने लवंगेच्या सिगारेटी बंद केल्या आणि मेंथॉलच्या चालू ठेवल्या. लवंगवाल्या प्रामुख्याने इंडोनेशियातून यायच्या, मेंथॉलवाल्या बहुतेक अमेरिकेतच बनायच्या. इंडोनेशियाने तक्रार केली आणि २०१२ मध्ये जिंकली.

उलटं उदाहरण ॲस्बेस्टॉसचं. फ्रान्सने १९९७ पासून ॲस्बेस्टॉस पूर्ण बंद केलं, स्वतःचंही आणि बाहेरचंही. ॲस्बेस्टॉस विकणाऱ्या कॅनडाचं म्हणणं, आमच्या मालात आणि तुमच्या पर्यायी धाग्यात फरक काय? २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपिलीय मंडळाने सांगितलं की दोन वस्तू ‘सारख्या’ आहेत का हे ठरवताना त्यातली एक कॅन्सर करते ही गोष्टही धरावी लागेल. वाचताना हसू येतं, पण व्यापाराच्या कायद्यात हेसुद्धा कोणीतरी लिहून द्यावं लागलं.

एकूण अर्थ असा की घरातली तीच वस्तू बंद करायची तयारी असेल तर बाहेरच्या मालावरची बंदी टिकते.

मग आंतरराष्ट्रीय करार हवेत कशाला?

कारण एका देशाने दार लावलं की माल नाहीसा होत नाही, तो पुढच्या दारात जाऊन उभा राहतो. पुढच्या दारात प्रयोगशाळा असेलच असं नाही, तपासनीस असतील असं नाही, आणि डब्यावरचं लेबल वाचता येईल अशा भाषेत असेल याचीही खात्री नाही.

रॉटरडॅम करारात एखादं रसायन आलं म्हणजे त्यावर जगभर बंदी आली ना?

नाही. हा सगळ्यांत मोठा गैरसमज आहे, आणि बातम्यांमध्येही तो सर्रास दिसतो.

हा करार बंदीचा नाहीच. तो विचारून पाठवण्याचा आहे. जगाचे सात विभाग केले आहेत. त्यातल्या निदान दोन वेगवेगळ्या विभागांतल्या देशांनी ‘आम्ही या रसायनावर बंदी किंवा कडक निर्बंध घातले’ असं कळवलं की ते प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे जातं. समितीला निकष पुरे वाटले तर ती शिफारस करते, माहितीचा मसुदा तयार होतो आणि सगळ्या देशांच्या परिषदेत निर्णय होतो. यादीत आल्यावर प्रत्येक देशाने कळवायचं: चालेल, चालणार नाही, की अमुक अटींवर चालेल. निर्यात करणाऱ्या देशाने ते पाळायचं. बस, एवढंच. ‘चालेल’ म्हणणाऱ्या देशाला माल खुशाल जातो.

एवढंच असेल तर विरोध कशासाठी होतो?

यादीत नाव आलं की त्या मालावर डाग लागतो. गिऱ्हाईक देश प्रश्न विचारू लागतात, विमा कंपन्या आणि कामगार संघटना यादी पुढे करतात. ज्याचा धंदा ‘हा माल सुरक्षित आहे’ या वाक्यावर उभा आहे, त्याला ते परवडत नाही.

पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचं, म्हणजे क्रायसोटाइलचं, भिजत घोंगडं पाहा. ॲस्बेस्टॉसचे बाकीचे प्रकार यादीत कधीच आले. त्यांचा व्यापार जवळपास संपलेलाच होता, त्यामुळे कोणाच्या पोटात दुखलं नाही. बाजारात जो खपतो तो हाच एक प्रकार, आणि तोच यादीबाहेर आहे. तज्ज्ञ समितीने निकष पूर्ण होतात असं सांगितलं. २००६ मध्ये विषय पहिल्यांदा परिषदेपुढे आला आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा येत राहिला.

सभागृहात काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. शेकडो प्रतिनिधी, प्रत्येकासमोर देशाच्या नावाची पाटी. बोलायचं असेल तर ती उभी करायची. अध्यक्ष विचारतात, यादीत घालायला कोणाची हरकत? बहुतेक पाट्या आडव्याच राहतात. एखाद-दोन उभ्या होतात. एखादा प्रतिनिधी दोन मिनिटं बोलतो: शास्त्रीय पुरावा अपुरा आहे, आणखी अभ्यास व्हावा. अध्यक्ष नोंद घेतात की एकमत झालेलं नाही. विषय दोन वर्षांनी.

२०११ मध्ये जिनिव्हात अशी पाटी उभी करणारा देश कॅनडा होता. तेव्हा त्यांच्या क्वीबेक प्रांतात खाण होती आणि खाणीच्या गावाचं नावच ॲस्बेस्टॉस होतं. पुढच्या वर्षी प्रांतात सरकार बदललं आणि कॅनडाचा विरोध मावळला. २०१८ च्या अखेरीस कॅनडाने स्वतःच ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली. २०२० मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गावाचं नाव बदललं. आता ते वाल-दे-सूर्स, म्हणजे झऱ्यांचं खोरं. गावाच्या नावातून शब्द गेला तरी जिनिव्हातलं घोंगडं भिजतच आहे, कारण रशिया आणि कझाकस्तानसारखे उत्पादक देश आणि त्यांचे काही ग्राहक देश अजून विरोधात आहेत. २०२५ च्या परिषदेतही तेच झालं.

यात मला खटकतं ते असं. अडवणारा देश स्वतःसाठी ‘चालेल’ म्हणायला मोकळा आहेच. तो अडवतो दुसऱ्यांना मिळणारी सूचना.

सर्वसंमतीऐवजी मतदान का घेत नाहीत?

काही करारांत घेतात. सायटीसमध्ये दोन तृतीयांश मतांवर निर्णय होतो. अर्थात मतदान म्हणजे जादू नव्हे. २०१० मध्ये दोहात अटलांटिक ब्लूफिन टुना माशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवण्याचा प्रस्ताव आला आणि ६८ विरुद्ध २० मतांनी पडला. आदल्या संध्याकाळी जपानी वकिलातीच्या मेजवानीत तोच मासा वाढला होता. भूमिका सांगायची ही पद्धत मात्र मानली पाहिजे.

सर्वसंमती मोडून पुढे जाण्याचं सर्वांत ठळक उदाहरण शस्त्रव्यापार कराराचं. मार्च २०१३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वाटाघाटी एकमताच्या अटीवर चालल्या होत्या. शेवटच्या दिवशी इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया आडवे आले. मग समर्थक देशांनी तोच मसुदा उचलला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला, कारण तिथे बहुमत चालतं. २ एप्रिल २०१३ ला तो १५४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. मजकूर तोच, देशही तेच. फक्त नियम बदलला.

भूसुरुंगांचंही असंच. जिनिव्हातल्या एकमताच्या चर्चेतून ठोस काही निघेना, तेव्हा कॅनडाने पुढाकार घेऊन वेगळी वाट धरली आणि १९९७ मध्ये ओटावात बंदीचा करार झाला.

सर्वसंमतीची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. ज्या देशाला मतदानात हरवलं तो करारातून बाहेर राहू शकतो, आणि मोठा उत्पादक बाहेर राहिला तर करार कागदावरच उरतो. शस्त्रांच्या करारात रशिया नाही, भारत नाही. अमेरिकेने सही केली, पण २०१९ मध्ये आपण त्याला मान्यता देणार नाही असं जाहीर केलं. चीन मात्र २०२० मध्ये आत आला.

कचऱ्याचा व्यापार कोणी का करेल?

कारण श्रीमंत देशात तो नीट नष्ट करायला पैसे लागतात आणि गरीब देशात टाकायला कमी लागतात. १९९१ मध्ये जागतिक बँकेचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॅरी समर्स यांच्या सहीच्या एका अंतर्गत टिपणात हा हिशेब उघड मांडला होता: घातक कचरा कमी मजुरीच्या देशात टाकण्यामागचं आर्थिक तर्कशास्त्र बिनचूक आहे. टिपण फुटलं, गदारोळ झाला, ते उपरोधाने लिहिलं होतं असा खुलासा आला. उपरोध असो वा नसो, बाजार त्या हिशेबाने आधीपासून चालतच होता.

१९८६ मध्ये अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरातल्या कचरा-भट्ट्यांची सुमारे १४,००० टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचं जहाज निघालं. बंदरामागून बंदर नकार मिळाला. हैतीच्या गोनाईव्ह बंदरात कागदावर ‘खत’ लिहून सुमारे ४,००० टन राख किनाऱ्यावर उतरवली गेली. हे लक्षात येईपर्यंत जहाज निघून गेलं होतं. वाटेत त्याची नावं बदलली, उरलेली राख समुद्रात गेली. हैतीतली राख उचलून अमेरिकेला परत न्यायला २००० साल उजाडलं. १९८८ मध्ये नायजेरियातल्या कोको गावी इटलीहून आलेली विषारी पिंपं एका खासगी आवारात किरकोळ भाड्याने ठेवलेली सापडली. नायजेरियाने ती इटलीला परत घ्यायला लावली.

या दोन प्रकरणांच्या तापलेल्या हवेत १९८९ चा बेसल करार झाला. आफ्रिकी देशांना पूर्ण बंदी हवी होती, मिळाली लेखी संमतीची अट. म्हणून त्यांनी १९९१ मध्ये बामाको इथे आपला वेगळा करार करून आफ्रिकेत घातक कचरा आणायलाच बंदी घातली.

बेसलमध्ये नंतर बंदी आली ना?

आली, पण कशी ते ऐका. श्रीमंत देशांतून गरीब देशांत घातक कचरा पाठवायचाच नाही, ही दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली. ती लागू व्हायला तीन चतुर्थांश देशांची मान्यता हवी होती. पण तीन चतुर्थांश कशाचे? १९९५ मध्ये जे सदस्य होते त्यांचे, की आज जे आहेत त्यांचे? सदस्य वाढत जातात, त्यामुळे दुसरा अर्थ घेतला तर विजयरेषा पुढे पुढे सरकते. या एका प्रश्नावर पुढची सोळा वर्षं गेली. २०११ मध्ये कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात ठरलं की १९९५ चेच सदस्य मोजायचे. त्यानंतरही लागणारा शेवटचा आकडा भरला तो २०१९ मध्ये क्रोएशियाच्या मान्यतेने. दुरुस्ती लागू झाली ५ डिसेंबर २०१९ ला. चोवीस वर्षं!

जुना माल आणि कचरा यांतला फरक कसा ठरतो?

हाच तो प्रश्न ज्यावर अख्खा धंदा चालतो. चालू संगणक पाठवला तर तो व्यापार, बंद पडलेला पाठवला तर कचरा. दुरुस्त होण्याजोगा असेल तर? तिथे पळवाट सुरू होते. कंटेनर उघडला की दारापाशी वायरी नीट गुंडाळलेले, पुसलेले मॉनिटर दिसतात. त्या दोन ओळी बाजूला केल्या की मागे फुटलेल्या काचा आणि उघडे पडलेले सर्किट बोर्ड. कागदावर सगळं ‘वापरलेली उपकरणं’.

बेसलची मार्गदर्शक तत्त्वं यावर उपाय सुचवतात: प्रत्येक नग चालतो का याची चाचणी, तिची नोंद, आणि वाहतुकीत फुटणार नाही असं वेष्टन. वेष्टनाची खूण साधी पण कामाची आहे. विकायचा माल कोणी खाली-वर कोंबून पाठवत नाही.

प्लास्टिकचंही तेच झालं. चीनने २०१८ पासून परदेशी प्लास्टिक कचरा घेणं बंद केलं आणि तो आग्नेय आशियाकडे वळला. कॅनडातून फिलिपिन्सला २०१३-१४ मध्ये शंभरावर कंटेनर गेले होते. कागदावर पुनर्वापराचं प्लास्टिक, आत घरगुती कचरा आणि वापरलेले डायपर. बेकायदा निघालेला माल निर्यात करणाऱ्या देशाने तीस दिवसांत परत न्यावा असं बेसल सांगतं. यातले शेवटचे ६९ कंटेनर मायदेशी निघाले मे २०१९ मध्ये, तेही फिलिपिन्सच्या राष्ट्राध्यक्षांनी धमक्या दिल्यावर. त्याच वर्षी नॉर्वेच्या प्रस्तावावरून मिश्र आणि घाण प्लास्टिक संमतीच्या यादीत आलं. हा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला घातक असो वा नसो, संमती लागेल, हा नियम २०२५ पासून.

कस्टम्सच्या माणसाला हे सगळं कळतं कसं?

बहुतेक वेळा कळत नाही. त्याच्यासमोर असतो सहा आकडी कोड. मालाला नाव देण्याची ही पद्धत १९८८ पासून जगभर एकसारखी आहे आणि ती काही वर्षांनी सुधारतात. त्यातले पहिले चार आकडे म्हणजे शीर्षक: ॲस्बेस्टॉस २५२४ मध्ये, प्लास्टिकचा कचरा ३९१५ मध्ये, वापरलेले कपडे ६३०९ मध्ये. संगणक ८४७१ मध्ये, मग तो नवा असो वा जुना. इलेक्ट्रॉनिक कचऱ्याला स्वतःचं शीर्षक, ८५४९, मिळालं ते २०२२ मध्ये. तोवर जगात किती असा कचरा कुठून कुठे गेला हे मोजायला धड रकानाच नव्हता. ज्याला रकाना नाही त्यावर बंधन घालणं म्हणजे अंधारात लाठी मारणं.

स्वतःच्या देशात बंदी आणि दुसऱ्याला विक्री, हे कायदेशीर आहे?

बऱ्याच ठिकाणी, हो. पॅराक्वाट हे तणनाशक घ्या. पोटात गेलं तर उतारा नाही, घोटभर पुरतं. स्वित्झर्लंडने त्यावर १९८९ मध्ये बंदी घातली, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. इंग्लंडमध्ये मात्र शेतात बंदी आल्यावरही त्याचं उत्पादन निर्यातीसाठी चालू राहिलं. कंपन्या सांगतात, तिथलं हवामान वेगळं, पिकं वेगळी, गरज वेगळी. माणसाचं फुप्फुसही वेगळं असतं का, हे कोणी सांगत नाही.

फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून २०२२ पासून अशी निर्यात बंद केली. तिथेही फट राहिली. बंदी तयार कीटकनाशकावर होती. त्यातला शुद्ध घटक पाठवून पलीकडे मिसळायला मोकळीक उरली.

एखादा करार खरंच यशस्वी झाला आहे का?

ओझोनचा. १९८७ चा माँट्रियल करार आज १९८ पक्षांनी मान्य केला आहे. त्याचं गुपित तीन गोष्टींत आहे: ओझोनचा थर विरळ करणारी रसायनं बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्याय त्यांच्याकडेच होते, आणि करारात नसलेल्या देशाशी या मालाचा व्यापार करायचा नाही असं कलम होतं. बाहेर राहणं महागात पडेल अशी ती रचना. शिवाय १९९० पासून गरीब देशांच्या खर्चासाठी निधी आला. हे शेवटचं नसतं तर भारत आणि चीन आले नसते असं मला वाटतं.

चोरी इथेही झाली. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की त्याच रसायनांपैकी एकाचं, सीएफसी-११ चं, हवेतलं प्रमाण अपेक्षेइतक्या वेगाने कमी होत नाही. कोणीतरी ते अजून बनवत होतं. माग बराचसा पूर्व चीनपर्यंत गेला, कारवाई झाली आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. हवेची मोजणी हाच पोलीस! कंटेनरमधल्या कचऱ्याला असा पोलीस नाही.

अमेरिका या करारांबाहेर का आहे?

सगळ्यांबाहेर नाही. माँट्रियल आणि सायटीसमध्ये आहे, मिनामाता करार तर तिने सर्वांत आधी स्वीकारला. बेसल, रॉटरडॅम, स्टॉकहोम आणि तंबाखूच्या करारावर सही आहे, मान्यता नाही. म्हणून बातमीत ‘सही केली’ वाचलं की थांबायचं. सहीनंतर त्या देशाची अधिकृत मान्यता लागते, आणि ठरलेल्या संख्येने देशांनी ती दिल्यावरच करार लागू होतो.

नियम मोडला तर शिक्षा काय?

सहसा काहीच नाही. सायटीसला दात आहेत: एखादा देश ऐकत नसेल तर त्याच्याशी वन्यजीवांचा व्यापार थांबवा, अशी शिफारस सगळ्या सदस्यांना जाते आणि तिचा धाक असतो. रॉटरडॅममध्ये पालनावर देखरेख ठेवणारी समिती नेमायलाच २०१९ उजाडलं. तेही एकमत होईना म्हणून कराराच्या इतिहासात पहिल्यांदा मतदान घेऊन.

बंधनांमुळे उलटं नुकसान होतं का?

होतं. मॉर्फिन १९६१ च्या करारात नियंत्रित आहे. तोच करार ते दुखण्यावर अत्यावश्यक असल्याचं मान्यही करतो. पण परवाने, नोंदवह्या आणि शिक्षेची भीती यांमुळे गरीब देशांतल्या असंख्य कॅन्सर रुग्णांना ते मिळत नाही. २०१५ मध्ये चीनने केटामाइनवर आंतरराष्ट्रीय नियंत्रण मागितलं, कारण तिथे त्याची नशा पसरली होती. जागतिक आरोग्य संघटनेने विरोध केला: जिथे भूलतज्ज्ञ नाही, ऑक्सिजन नाही, तिथे शस्त्रक्रियेला हेच एक औषध असतं. निर्णय पुढे ढकलला गेला. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

एकच रसायन चांगल्या आणि वाईट दोन्ही कामांचं असेल तर?

थायोडायग्लायकॉल बॉलपेनच्या शाईत लागतं आणि मस्टर्ड वायू बनवायलाही. म्हणून १९९३ च्या रासायनिक शस्त्र करारात रसायनांच्या तीन अनुसूची आहेत. दुसरी आणि तिसरी मुख्यतः अशाच दुहेरी मालासाठी.

‘रक्तरंजित हिऱ्यां’चं काय झालं?

२००३ पासून कच्च्या हिऱ्यांना दाखला देणारी किंबर्ली प्रक्रिया आहे. तिच्या व्याख्येत ‘संघर्षातले हिरे’ म्हणजे बंडखोरांना पैसा पुरवणारे. सरकारी फौजांनीच खाणीत माणसं मारली तर ते हिरे व्याख्येत बसत नाहीत. झिंबाब्वेच्या मारांगे खाणींवरून हा वाद पेटला. व्याख्या बदलायला पुन्हा सर्वसंमतीच लागते.

प्लास्टिकच्या नव्या कराराचं घोडं कुठे अडलं आहे?

मार्च २०२२ मध्ये नैरोबीत देशांनी ठरवलं की प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक करार करायचा. २०२३ मध्ये पॅरिसच्या बैठकीत पहिले दोन दिवस प्लास्टिकवर चर्चाच झाली नाही. वाद होता एकमत न झाल्यास मतदान घ्यायचं की नाही यावर. तेल उत्पादक देशांना मतदान नको होतं. डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला करार झाला नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात शेवटची बैठक रात्रभर लांबूनही झाला नाही. मसुद्यात ज्या शब्दांवर वाद असतो ते चौकोनी कंसात ठेवायची पद्धत आहे. जिनिव्हाचा मसुदा कंसांनी भरला होता, आणि कामकाजाच्या नियमांतलं मतदानाचं कलमही अजून कंसातच आहे.